अमोनियाची नोंद

“हात लावू नका. आधी वास घ्या,” पापा म्हणाले आणि पांढरा शर्ट त्यांनी पहिल्या बाकावर दिला.

मेथडिस्ट शाळेतला तिसरीचा वर्ग होता तो. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, मुलं घरी गेली की घानातल्या कुमासी शहराच्या ड्रायक्लीनर संघाचा वर्ग तिथे भरायचा. आठ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर चाळीस मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसायची. भिंतीवर सातचा पाढा होता आणि त्याच्याखाली पुठ्ठ्याचा हत्ती. शर्ट एका नाकाकडून दुसऱ्या नाकाकडे चालला होता.

“पाम तेल,” मागून कुणीतरी म्हणालं.

“पाम तेलाचा लाल डाग मला चष्म्याशिवाय दिसला असता. पुढे.”

“चहा?”

“बिअर आहे मास्टर,” कोजो म्हणाला. त्याचं दुकान स्टेडियमजवळ होतं.

“किती पटकन ओळखलीस रे! बायकोला सांगू का?”

वर्ग हसला. पापांनी शर्ट परत घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. डाग हुंगताना ते नेहमी डोळे मिटत. लहानपणी मला वाटायचं, ते प्रार्थना करताहेत.

“शहाळ्याचं पाणी,” ते म्हणाले. “सांडलं तेव्हा दिसलं नाही. सुकलं तरी दिसलं नाही. तुमची इस्त्री फिरली आणि वर आलं. आता गिऱ्हाईक म्हणणार, डाग तुमच्या दुकानात पडला. आणि तो खोटं बोलत नाहीये, त्याला बिचाऱ्याला तो दिसलाच नव्हता. मग आपण काय करायचं?”

“आधी विचारायचं!” चाळीस जण एका सुरात.

“काय विचारायचं?”

“काय खाल्लं, काय प्यायलं, कुठे बसला होता!”

“आणि कुणाबरोबर बसला होता?”

“ते नाही विचारायचं!”

हा संवाद दर महिन्याला व्हायचा आणि दर महिन्याला लोक हसायचे. मी मागच्या खिडकीपाशी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. केप कोस्टला शिक्षकांच्या कॉलेजात मी साहित्य शिकवते. दोन दिवसांसाठी घरी आले होते, आणि त्यांची औषधांच्या बाटल्यांची पिशवी जड असते म्हणून बरोबर गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पापा गेले. म्हणून हा गुरुवार मला असा बाकांसकट आठवतो.

वर्गाचा दुसरा अर्धा भाग ‘बिघडलेल्या कापडांचा’. तो एकतीस वर्षांपूर्वी पापांनीच सुरू केला होता. महिन्याभरात ज्याच्या हातून कापड बिघडलं, त्याने ते आणून पुढच्या टेबलावर पसरायचं आणि आपण काय केलं ते क्रमाने सांगायचं. सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. सांगणाऱ्याने माफी मागायची नाही. पापा म्हणत, माफीतून दुसऱ्याला काही शिकता येत नाही. मग चिटणीस मादाम फ्रेमा लांबट वहीत नोंद करायच्या: काय बिघडलं, कशामुळे, पुढे काय टाळायचं. नव्या सभासदांना ही वहीच शिकवली जाई, आणि तिच्यावरच परीक्षा होऊन संघाचं सर्टिफिकेट मिळे. एकच गोष्ट तिथे चालत नसे. टेबलापाशी उभं राहून कुणी खोटं बोललं, तर त्याचं नाव संघातून काढत. एकतीस वर्षांत दोनदा काढलं होतं.

त्या दिवशी पोकुआ उठली. सुआमेच्या बाजूला तिने दोन वर्षांपूर्वी दुकान टाकलं होतं. तिने केंटे पसरलं. हातमागावरच्या अरुंद पट्ट्या जोडून केलेलं जुनं, जड कापड. लाल, सोनेरी, पांढरं. त्यातला लाल रंग सुटून पांढऱ्यात आणि सोनेरीत उतरला होता. वीतभर रुंदीचा पट्टाच झाला होता.

“कडेला जेवताना सांडलेल्या सुपाचा डाग होता,” ती म्हणाली. “गार पाण्याचा हात दिला. साबणाचा थेंब, मग पुन्हा पाणी. डाग गेला. कापड बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या कामाला लागले. संध्याकाळी बघते तर हे असं.”

“आणि अमोनिया?” अध्यक्ष ट्वुमासींनी विचारलं.

“अमोनिया नाही वापरला.”

“पोरी, लाल धाग्याचा रंग असा सुटतो तो अमोनियाने. वहीत आहे. नोंद सत्तेचाळीस.”

“माहीत आहे मला चेअरमन. पाठ आहे. म्हणूनच नाही वापरला.”

“मग रंग काय स्वतःच्या पायांनी चालत गेला?”

लोक हसले. सांगून व्हायच्या आत हसायचं नाही, हा नियम त्या दिवशी मोडला गेला. पोकुआने कापडाचं टोक हातात गच्च धरलं होतं.

मादाम फ्रेमांनी पेन उचलून धरलं होतं. “काय लिहू?”

“काही लिहू नका,” ट्वुमासी म्हणाले. “खरं काय ते ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. पोकुआ, तुला महिन्याची मुदत. नाहीतर सर्टिफिकेट राहू दे बाजूला, तुझ्या नावाचंच काय करायचं ते ठरवावं लागेल.”

सगळ्यांनी पापांकडे पाहिलं, कारण सत्तेचाळीसवी नोंद त्यांची होती. ते टेबलापाशी गेले. कापडावरून तळहात फिरवला. मग लाल पट्ट्याच्या बरोबर मधोमध त्यांनी कापडाची घडी घातली. खालचा डाग वरच्या डागावर जसाच्या तसा बसला. घडी पुन्हा उघडायला त्यांना जरा वेळ लागला.

“पुढच्या महिन्यात मी सांगतो,” ते म्हणाले.

“काय सांगता मास्टर?”

“ते पुढच्या महिन्यात.”

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी एकाच प्रश्नाचे गुण दोनदा मांडले आणि नंतर खोडले.

परतताना कोपऱ्यावरच्या बाईकडून आम्ही भाजलेली केळी आणि शेंगदाणे घेतले.

“मास्टर, लेक आली वाटतं! किती वाळली हो ही!”

“पुस्तकं खाते ती. त्याने अंग धरत नाही,” पापा म्हणाले. बाईने मला एक केळं वर घातलं.

आम्ही भिंतीच्या सावलीत उभं राहून खाल्लं. पापा केळ्याचा करपलेला भाग नखाने काढत होते.

“ती पोरगी खरं बोलतेय,” ते म्हणाले.

“हो.”

“डाग घडीवर होता.”

“पाहिलं मी.”

शेंगदाण्याचा कागद त्यांनी व्यवस्थित दुमडून खिशात ठेवला. “पुढच्या महिन्यात येशील?”

“परीक्षा आहेत हो पापा. बघते.”

“बघ,” ते म्हणाले.

तेवीस वर्षांत त्या गोष्टीच्या इतक्या जवळ आम्ही कधी आलो नव्हतो. आणि मी म्हणाले, परीक्षा आहेत.

तेवीस वर्षांपूर्वी मी सतरा वर्षांची होते. शाळेची शेवटची परीक्षा झाली होती आणि निकालापर्यंत मी दुकानात बसत होते. आई जाऊन सात-आठ वर्षं झाली होती; घरात आणि दुकानात आम्ही दोघंच. त्या आठवड्यात नाना आफ्रिये या म्हाताऱ्या बाईंनी आपल्या आजीचं केंटे आणून दिलं होतं. शनिवारी त्यांच्या भावाची अंत्ययात्रा होती. त्यांच्या घरात मोठ्या माणसाला निरोप द्यायचा तो त्याच कापडात. त्यांच्या आधी त्यांच्या आईने, आजीने तेच केलं होतं. कडेला सुपाचा डाग होता.

पापांनी सकाळभर बसून तो डाग काढला. मग ओलं कापड माझ्या हातांवर ठेवलं. “पंख्यासमोर सरळ टांग. मी मशीनचा नवा पट्टा घेऊन येतो.”

वाचनालयाचं एक पुस्तक मला संध्याकाळी परत द्यायचं होतं आणि शेवटची शंभर पानं राहिली होती. टांगायला शिडी लागली असती. मी कापडाची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि मनाशी म्हटलं, हे एवढं प्रकरण संपवते आणि टांगते. तीन तासांनी मी मान वर केली, तेव्हा घडीच्या दोन्ही अंगांना लाल रंग उतरला होता. दोन्हीकडे सारखा.

पापा आले. त्यांनी कापड उघडलं, पाहिलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, “पुस्तक संपलं?”

“हो.”

“मग देऊन ये. वाचनालय बंद होईल.”

मी परत आले तेव्हा दुकानाला कुलूप होतं. ते नाना आफ्रियेंच्या घरी गेले होते. तिथे काय झालं ते मला कधीच कळलं नाही. पुढचे चार महिने दर रविवारी ते बोनवीरेला विणकराच्या मागाशेजारी जाऊन बसत. तसंच कापड विणून होईपर्यंत बसले. पण ज्यासाठी हवं होतं ती अंत्ययात्रा कधीच होऊन गेली होती.

त्या वर्षी संघाची निवडणूक होती. अध्यक्षपदासाठी पापांशिवाय दुसरं नावच नव्हतं. निवडणुकीच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी ते कापड टेबलावर पसरलं आणि सांगितलं, “डाग निघत नव्हता म्हणून मी अमोनिया वापरला. लाल धाग्यावर वापरायला नको होता.” मी तेव्हाही मागच्या खिडकीपाशी बसले होते, बाटल्यांची पिशवी पायांशी घेऊन. मग त्यांनी निवडणुकीतून नाव काढून घेतलं. ज्याच्या हातून एवढं मोठं कापड गेलं त्याने त्या खुर्चीत बसू नये, म्हणाले. ट्वुमासी अध्यक्ष झाले. पापा शिकवत राहिले.

अमोनियाच का, ते मला फार उशिरा समजलं. पापा ओलं कापड कधीही खाली ठेवत नसत. हातात ओलं कापड असताना कुणी भेटायला आलं, तर ते मानेनेच नमस्कार करत. याची संघात टिंगल व्हायची. त्यांनी जर सांगितलं असतं की ओल्या कापडाची घडी तीन तास पडून राहिली, तर चाळीस जणांनी एकदमच विचारलं असतं, मास्टर, दुकानात कोण होतं? म्हणून त्यांना एखाद्या कसलेल्या माणसाला शोभेल अशी चूक हवी होती. अमोनियाने लाल रंग कधी कधी सुटतोही. ते लगेच पटलं.

त्यानंतर वर्गात त्यांनी ओल्या कापडाचा विषय कधी काढला नाही. कुणी दोन गोष्टी जोडून बघेल अशी भीती असावी. स्वतः मात्र टांगत राहिले. बाकीच्यांना ती म्हाताऱ्याची खोड वाटायची. तेवीस वर्षं कुमासीतली नवी पोरं-पोरी सत्तेचाळीसवी नोंद पाठ करत होती, अमोनियाची बाटली लांब ठेवत होती, आणि ओलं केंटे घडी घालून निर्धास्त बाजूला ठेवत होती.

पापा त्याबद्दल माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी आक्र्याला शिकायला गेले, मग केप कोस्टला नोकरीला. जगभरच्या कादंबऱ्या वाचल्या. मुलं बापासमोर उभं राहून खरं बोलतात असे प्रसंग मी दर वर्षी वर्गात शिकवते, आणि ते मला बरे शिकवता येतात.

शुक्रवारी सकाळी मी केप कोस्टच्या बसमध्ये बसले होते. बस भरायची होती. फोन आला तो शेजारच्या न्हाव्याचा. पापांनी दुकान उघडलं होतं, धुतलेले सहा शर्ट टांगले होते आणि स्टुलावर बसले होते. न्हाव्याने हाक मारली तर ओ दिली नाही. माझी पिशवी बसच्या टपावर चढवलेली होती. ती खाली काढायला लावली म्हणून ड्रायव्हर कुरकुरला. कारण कळल्यावर त्याने ती स्वतः उचलून रिक्षापर्यंत आणून दिली.

आठव्या दिवशी घरी शोकसभा झाली. संघाचे सगळे जण लाल-काळ्या कपड्यांत आले. त्या कपड्यांना अशी कडक इस्त्री होती की प्लास्टिकच्या खुर्च्यांवर टेकायला ते बिचकत होते. कोजोने बसताना मागचा झोळ दोन्ही हातांनी सावरून घेतला आणि म्हणाला, “आज सुरकुती पडली तर मास्टर उठून बसतील.” त्यावर माझी एक मावशी हसली आणि मग रडली.

दुकानात गिऱ्हाइकांची एकेचाळीस कापडं अडकली होती. ती त्यांनी आपसांत वाटून नेली, धुतली आणि घरोघर पोचवली. शेवटचे सहा शर्ट पोकुआने नेले होते. त्यांचे टॅग मला परत द्यायला ती पुढच्या आठवड्यात आली.

“सिस्टर, एक विचारू?” ती दारातच म्हणाली. “मास्टर काय सांगणार होते? तुम्हाला काही बोलले?”

“नाही,” मी म्हणाले.

ती टॅगांचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. “चेअरमन म्हणतात, मला वाचवायला म्हणून मास्टर तसं बोलले. म्हातारं मन. ते म्हणतात, कबूल कर, टेबलापाशी सगळेच करतात, विषय संपेल.”

“मग?”

“करून टाकते. अमोनिया वापरला म्हणते. सर्टिफिकेट नसलं तर त्या नव्या हॉटेलचं काम मिळणार नाही. त्या कामासाठी मी दुसरी मशीन बघून ठेवलीय.” मग तिने विचारलं, “न केलेली चूक आपल्या नावावर लिहून घेतली तर काय होतं हो सिस्टर? कुणाचं काय जातं?”

“चहा घेतेस?” मी विचारलं.

“नको. तुम्ही दमलाय. ड्युए, सिस्टर,” ती म्हणाली. आमच्याकडे दुःखात असलेल्या माणसाला तेवढंच म्हणतात. आणि ती गेली.

त्याच आठवड्यात ट्वुमासी आले. आमच्याकडे अंत्ययात्रा महिना-दोन महिन्यांनी निघते; पापांच्या अंत्ययात्रेला अजून सहा आठवडे होते. गाणी, फोटो आणि आठवणींची पुस्तिका छापायची होती. त्यांनी संघातर्फे चार ओळी लिहून आणल्या होत्या.

“तू साहित्यवाली. भाषा बघ जरा,” ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

लिहिलं होतं: ‘मास्टर क्वाकू असुमादू यांनी आम्हाला आमच्या चुका सांगायला शिकवलं. त्या टेबलापाशी ते कधी खोटं बोलले नाहीत.’

“भाषा ठीक आहे,” मी म्हणाले.

“तेवीस वर्षं मी त्यांच्या खुर्चीत बसलोय, पोरी. ती खुर्ची त्यांची होती. मला ठाऊक आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. एक शब्द बोलले नसते तर अध्यक्ष झाले असते. उभे राहिले आणि म्हणाले, मी अमोनिया वापरला.” चष्मा घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “लोक म्हणतात, मी त्या पोकुआशी फार कडक वागतो. अगं, मास्टरांनी खऱ्यासाठी पद सोडलं. आणि ही काल आलेली पोर त्याच टेबलापाशी खोटं बोलणार, ते मी ऐकून घ्यायचं? मास्टरांना काय तोंड दाखवू?”

मी त्यांना पाणी दिलं. कागद माझ्याकडेच ठेवून ते गेले.

त्या कागदाकडे मी बरेच दिवस पाहत होते. मी बोलले तर ती ओळ खोटी ठरणार होती. पापांची सगळी पुंजी ती एक ओळ होती. घर भाड्याचं होतं आणि मशीन जुनी. गप्प राहिले तर ओळ छापली जाईल, पोकुआ न केलेली चूक पत्करेल, वहीत सत्तेचाळीसच्या जोडीला अजून एक अमोनिया लिहिला जाईल, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी तिसरी ओलं कापड घडी घालून ठेवेल. पापांनी हे सगळं त्या दिवशी टेबलापाशी उभं राहून पाहिलं होतं. म्हणून ते म्हणाले होते, पुढच्या महिन्यात. म्हणून विचारलं होतं, येशील? माझं नाव माझ्या पाठीमागे घ्यायचं नव्हतं त्यांना. मला समोर बसवून, मला चालेल का ते बघून, मगच घ्यायचं होतं. कदाचित तेव्हाही घेतलं नसतं.

परीक्षेच्या देखरेखीला मी दुसऱ्या मॅडमना गळ घातली आणि महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिसरीच्या वर्गात जाऊन बसले. या वेळी मागच्या खिडकीपाशी नाही. दुसऱ्या बाकावर कोजोने सरकून जागा दिली. त्या बाकावर बसलं की माणसाला आपले गुडघे कुठे ठेवावेत ते कळत नाही.

सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग ट्वुमासी म्हणाले, “आज शिकवायला कोणी नाही. सरळ टेबलावर येऊ. पोकुआ.”

पोकुआने कापड पसरलं. तिने चांगला झगा घातला होता आणि केस नुकतेच विणून घेतले होते. मादाम फ्रेमांनी पेनाचं टोपण काढलं.

“मागच्या वेळी मी सांगितलं की,” पोकुआ म्हणाली आणि घसा खाकरला. “मागच्या वेळी मी बरोबर सांगितलं नाही. डागावर मी...”

“थांब,” मी म्हणाले आणि उठले. उठताना माझा गुडघा बाकाला आपटला.

“सिस्टर, तुम्ही सभासद नाही,” कोजो हळूच म्हणाला. तो मला अडवत नव्हता. मला माहीत नसेल असं त्याला वाटलं होतं.

“बोलू दे तिला,” ट्वुमासी म्हणाले. “मास्टरांची मुलगी आहे. त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायचे असतील.”

मी टेबलापाशी गेले. पोकुआ बाजूला झाली नाही. आम्ही दोघी कापडाच्या दोन टोकांना उभ्या राहिलो.

“हिने अमोनिया वापरलेला नाही,” मी म्हणाले. “मादाम, सत्तेचाळीसवी नोंद काढा. ती चुकीची आहे.”

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मागच्या बाकावरून कुणीतरी “अरे!” म्हणालं.

“लाल पट्ट्याच्या मधोमध घडीची रेघ आहे. दोन्ही बाजूंना डाग सारखा आहे. हात लावून बघा,” मी म्हणाले. माझा आवाज मी वर्गात शिकवते तसा येत होता आणि मला तो तसाच ठेवायचा होता. “कापड ओलं असताना घडी घालून ठेवलं की रंग असा उतरतो. दोन-तीन तास पुरतात. नाना आफ्रियेंच्या कापडाचं हेच झालं होतं. सुपाचा डाग नुसत्या पाण्याने आणि साबणाने निघाला होता. अमोनियाची बाटली त्या दिवशी उघडलीच नव्हती.”

पोकुआने कापडाची घडी घालून पाहिली. कोजो उठून जवळ आला, त्याच्यामागून अजून दोघं. एका म्हाताऱ्या बाईने बोट लावलं आणि मान हलवली.

ट्वुमासी मात्र जागचे हलले नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता.

“म्हणजे मास्टरांनी ओलं कापड घडी घालून टाकून दिलं?” ते म्हणाले. “मास्टरांनी? मी चाळीस वर्षं ओळखतो त्यांना. आणि वर इथे उभं राहून आमच्याशी खोटं बोलले? तू आपल्या बापाबद्दल काय बोलतेयस, कळतंय का तुला?”

“खोटं बोलले,” मी म्हणाले. “एकदाच. पण कापड त्यांनी टाकलं नव्हतं.”

“मग कोणी?”

चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती आणि त्यांच्यात एकही चेहरा रागावलेला नव्हता. उत्तर माहीत नसलं की ती पापांकडे अशीच बघत असत. मला माफी मागावीशी वाटली, पण तिथे ती मागत नाहीत. काय केलं ते क्रमाने सांगायचं असतं.

“पापा मशीनचा पट्टा आणायला गेले होते,” मी म्हणाले. “जाताना मला म्हणाले, टांग. मी टांगलं नाही. मी घडी घातली, खुर्चीवर ठेवली आणि तीन तास पुस्तक वाचत बसले. ते कापड मी बिघडवलं, पापा.”